एका थेंबाची तक्रार

गळती तक्रार विभागाच्या प्रमुखाच्या स्वतःच्याच घरातला नळ गळावा, यात लाज वाटण्यासारखं बरंच काही आहे, आणि ती लाज त्यांच्या बायकोला वाटतही होती. गळतीसाहेबांना मात्र त्या गळक्या नळाचा लळा लागला होता.

गळतीसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यात गावभरच्या फुटक्या पाइपांच्या तक्रारी त्यांच्या टेबलावर येत, म्हणून इमारतीतल्या लोकांनी हे नाव पाडलं आणि पुढे दारावरच्या पाटीपेक्षा तेच जास्त चालू लागलं. माणूस सरळमार्गी. व्यसन नाही, वाद नाही. छंद एकच, पण तो असा की त्याबद्दल सांगताना बायकोचा आवाज आपोआप खाली यायचा. “ह्यांना वायरींची आवड आहे,” एवढंच ती पाहुण्यांना सांगे आणि घाईघाईने चहाचं विचारी.

स्वयंपाकघराला लागून असलेल्या अडगळीच्या खोलीत एक लाकडी खोका होता. त्यात धातूच्या पट्ट्या ओळीने बसवलेल्या, प्रत्येक पट्टीवर बटणं, भोकं आणि मिणमिणते दिवे, आणि या भोकातून त्या भोकात गेलेल्या रंगीबेरंगी वायरींचं जंजाळ. याला मॉड्युलर सिंथेसायझर म्हणतात, म्हणजे वायरी हव्या तशा जोडून आवाज घडवायचं वाद्य. गळतीसाहेब हे नाव सावकाश, एकही अक्षर न गाळता उच्चारत. बाकी सगळं जग त्याला ‘खोका’ म्हणे.

या खोक्यात नुकतीच एक नवी पट्टी आली होती. ती सॅम्पलरची. सॅम्पलर म्हणजे आवाज पकडून ठेवणारं यंत्र; तेवढं तर हल्ली कुणाचाही फोन करतो. पण या सॅम्पलरची करामत वेगळी होती. पकडलेल्या आवाजाचे तो वाळूसारखे बारीक बारीक कण करी आणि ते कण तुम्ही म्हणाल तसे पुन्हा वाजवी. एका बटणाने कण लहानमोठे होत. दुसऱ्याने ते दाट किंवा विरळ पडत, तिसऱ्याने इकडेतिकडे विखुरत, चौथं फिरवलं तर त्यातले काही उलटे वाजत. शिवाय एक बटण असं होतं, की ते दाबलं की आवाज आहे त्या जागी गोठे आणि तिथल्या तिथे घुमत राही. म्हणजे डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपणारा आवाज पाहिजे तेवढा लांबवता येई. खात्यात उभी हयात गेलेल्या माणसाला यात नवीन काय वाटावं, असं कुणी म्हणेल. क्षणाचं काम लांबवण्याची कला गळतीसाहेबांना पूर्ण अवगत होती. त्यातून संगीत निघू शकतं, हे मात्र त्यांना आत्ता कळत होतं.

तर हा नळ. रात्रंदिवस त्यातून एकेक थेंब स्टीलच्या पातेल्यात पडे आणि ‘टप्प’ असा एक गोल, गुटगुटीत आवाज येई. त्या आवाजाने बायकोच्या कपाळाला आठ्या पडत. गळतीसाहेबांना मात्र त्यात एक अख्खी मैफल ऐकू आली. एका रविवारी त्यांनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, बायकोला जिथे होती तिथे निश्चल उभं केलं आणि मायक्रोफोन पातेल्यावर धरून एक थेंब पकडला. एकच. नंतर नळाचं वॉशर बदलून टाकलं, कारण काम झालं होतं. बायकोने सुटकेचा निःश्वास टाकला. थेंब घरातून गेला असं तिला वाटलं.

थेंब खोक्यात गेला होता. गळतीसाहेबांनी त्या एका थेंबापासून अर्ध्या तासाची रचना बांधायला घेतली. सुरुवातीला थेंब ओळखू येईल असा. मग त्याचे कण होत होत झिरपणं, झिरपण्याचा ओहोळ, ओहोळाचा लोंढा. मध्यावर काही कण उलटे फिरून पाणी जणू वर चढतंय असा भास. आणि शेवटी सगळं विरळ होत होत पुन्हा तोच एक थेंब. सांगायला सोपं आहे. बटणाला केसभर धक्का लागला तरी लोंढ्याऐवजी कुणीतरी गुळण्या करतंय असं वाटे. रोज कचेरीतून आल्यावर ते खोक्यापुढे बसत आणि रोज कुठेतरी घोडं अडे.

एवढी धडपड कशासाठी, तर बायकोसाठी. बायको शाळेत विज्ञान शिकवायची. डोकं तल्लख, कान त्याहून. पण लग्नाला एवढी वर्षं झाली, खोक्याचं काहीही तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून ऐकलेलं नव्हतं. बसे, मान डोलवे, आणि मग तिला गॅसवरचं दूध आठवे. दूध नसेल तर वाळत घातलेले कपडे. गळतीसाहेब काही बोलत नसत, पण मनाला लागायचं. जगाने ऐकावं अशी त्यांची हाव नव्हती. हिने एकदा ऐकावं, एवढंच होतं. शेवटी एके दिवशी तीच म्हणाली, “अहो, असं अर्धंमुर्धं नका ऐकवत जाऊ. एकदा काय ते नीट पूर्ण करा, मग बसते मी. पण एकदाच हं!” एकदाच. म्हणजे ती एक वेळ चुकून चालणार नव्हती.

तोवर तिची अट होती. वह्या तपासताना ते गुरगुरणं कानावर यायला नको. म्हणून गळतीसाहेबांनी खर्जाचा मोठा स्पीकर उलटा केला, त्याचं तोंड मागच्या भिंतीला घट्ट टेकवलं आणि पाठीवर जाड रजई घातली. खोलीतला आवाज अगदी माफक झाला. त्या भिंतीपलीकडे इमारतीच्या सगळ्या पाइपांची उभी पोकळी आहे आणि ती सरळ खालच्या घराच्या बाथरूमपाशी जाते, हे त्यांना माहीत असायला हवं होतं. नळाचे नकाशे वाचणं हा त्यांचा पेशाच होता. पण त्या वेळी ते पेशात नव्हते, छंदात होते.

खालच्या घरात एक निवृत्त परिचारिका राहायच्या. सगळी इमारत त्यांना सिस्टर म्हणे. एका संध्याकाळी बेल वाजली. घरात शिस्त अशी की कुणी आलं की खोका बंद करायचा, त्यामुळे गळतीसाहेबांनी आधी खोका बंद केला आणि मग दार उघडलं. दारात सिस्टर, गळ्यात जुना स्टेथोस्कोप.

“साहेब, माझ्या बाथरूमच्या भिंतीत पाणी धावतंय,” त्या म्हणाल्या. “धावतंय म्हणजे कसं, नळी लावून ऐकलं मी. भिंतीला चक्क धाप लागलीय.”

गळतीसाहेब तातडीने खाली गेले. भिंतीला कान लावला. शुकशुकाट.

“आत्ता थांबलं! तुम्ही येताय म्हटल्यावर थांबलं बघा!”

“होतं असं,” गळतीसाहेब गंभीरपणे म्हणाले. अधिकारी पोचला की गळती थांबते, हा त्यांचा नोकरीतला नेहमीचा अनुभव होता. पदाचा मान राखला जातो, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. सिस्टरना धीर देऊन ते वर आले आणि शांतपणे लोंढ्याचा भाग पुन्हा सुरू केला. खाली सिस्टरनी स्टेथोस्कोप कानाला लावला आणि सकाळ होताच खात्यात जाऊन रीतसर तक्रार नोंदवली.

ती तक्रार कचेरीत फिरत फिरत अर्थातच गळतीसाहेबांच्याच टेबलावर आली. इथे त्यांच्या एका थोर कामगिरीबद्दल सांगायला हवं. पूर्वी खात्यातले लोक तक्रारीवर ‘गळती आढळली नाही’ असं लिहून मोकळे होत. गळतीसाहेबांनी प्रमुख झाल्यावर ही पळवाटच बंद केली. त्यांच्या नियमानुसार तक्रार एकदा आली की गळती सापडल्याशिवाय ती बंदच करता येत नसे. मोठ्या साहेबांनी या नियमासाठी त्यांची पाठ थोपटली होती. आता दुसरा एक नियम असा, की पाहणी करणारा अधिकारी त्याच इमारतीत राहणारा नसावा. असल्यास त्याने विभागप्रमुखाची सवलत घ्यावी. म्हणून गळतीसाहेबांनी गळतीसाहेबांकडे सवलतीचा अर्ज केला. पहिला अर्ज त्यांनी ‘कारण सुस्पष्ट नाही’ म्हणून परत पाठवला. दुसरा मंजूर केला. नियम म्हणजे नियम.

इकडे इमारतीत सेक्रेटरींच्या अंगात वारं शिरलं होतं. इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे पत्रकं काढण्यासाठीच जन्माला आलेले गृहस्थ. त्यांनी ताबडतोब गळती शोध समिती नेमली, गळतीसाहेबांना अध्यक्ष केलं आणि लिफ्टशेजारी पत्रक डकवलं, की भिंत ऐकू इच्छिणाऱ्यांनी गर्दी न करता पाळीने ऐकावं. लोकांना काय, निमित्तच हवं होतं. संध्याकाळी सिस्टरच्या बाथरूमसमोर रांग लागू लागली. कुणी पेला भिंतीला लावून ऐके, कुणी कागदाची सुरळी करून. आत गेलेला माणूस बाहेर यायचं नाव घेत नसे. ऐकून आलेले जिन्यात उभे राहून चर्चा करत.

“काल जरा घोगरा होता आवाज. आज मोकळा आहे.”

“मधेच कसा दाटून येतो बघा. अंगावर काटा येतो हो!”

अध्यक्ष मात्र या श्रवणाला कधीच हजर नसत. संध्याकाळ हा त्यांचा खोक्याचा वेळ. रोज ते अहवाल मागवून घेत आणि अभ्यास करत. गळती फक्त संध्याकाळी होते. रविवारी मात्र जवळजवळ दिवसभर होते. मागच्या आठवड्यात ते आणि बायको मेहुण्याकडे राहायला गेले, तेव्हा अजिबात झाली नाही. या तिन्ही गोष्टी समोर ठेवून गळतीसाहेबांनी बराच विचार केला आणि निष्कर्ष काढला, की लोक घरी असताना पाण्याचा दाब बदलतो. समितीने टाळ्या वाजवल्या.

वरच्या मजल्यावर एक दंतवैद्य राहायचे. त्यांनी सल्ला दिला, “टाकीत रंग टाका. दातांवरचा थर दिसत नाही तेव्हा आम्ही रंग लावतो, लगेच उघडा पडतो. जिथे रंग दिसेल तिथे गळती.” सल्ला शास्त्रीय होता. सेक्रेटरींनी निळा रंग आणून टाकीत टाकला, आणि थोडक्यात कशाला म्हणून सगळा टाकला. भिंतीवर कुठेही निळा डाग आला नाही. डाग आले ते लोकांच्या सदऱ्यांवर, चादरींवर, आणि ज्यांनी केस धुतले होते त्यांच्या पांढऱ्या केसांवर. सेक्रेटरींनी स्वतःच केस धुतले होते. पुढे बरेच दिवस ते टोपी घालून पत्रकं डकवत होते.

मग प्लंबर आला. हा प्लंबर आयुष्यात कधी चुकला नव्हता, असं त्याचं स्वतःचं मत होतं. त्याने भिंतीवर हात फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाला, “इथंच आहे.” तिथे फोडलं. पाइप ठणठणीत, भिंत कोरडी. “होतं इथंच, आता पुढं सरकलं,” तो म्हणाला आणि हातभर पुढे फोडलं. तिथेही कोरडं. सिस्टरच्या बाथरूमला दोन खिडक्या मिळाल्या, त्यांतून फक्त पोकळी दिसत होती. सिस्टर बिचाऱ्या वरच्या मजल्यांवर कुणाकुणाकडे आंघोळीला जात. एकदा त्या गळतीसाहेबांकडेही आल्या आणि जाताना म्हणाल्या, “तुमच्याकडे किती शांत आहे हो सगळं!”

शेवटी सेक्रेटरींनी रामबाण उपाय काढला. अख्ख्या इमारतीचं पाणी बंद करायचं. टाकी रिकामी, सगळे नळ घट्ट, मुख्य झडप बंद. एवढं करून जर आवाज आला नाही, तर गळती आपल्याच पाइपात आहे हे सिद्ध. रविवारी सकाळी सेक्रेटरींनी टोपी सावरत झडप बंद केली. अध्यक्षांना म्हणाले, “तुम्ही बसा घरी निवांत. आवाज येतो का ते आम्ही बघतो, गरज पडली तर बोलावतो.” गळतीसाहेब घरी आले. बायको शेजारी गेली होती, घर शांत होतं, वेळ मोकळा होता. इतका चांगला योग पुन्हा येणार नाही म्हणून त्यांनी लोंढ्याचा भाग जरा मोकळ्या आवाजात घेतला.

खाली हाहाकार उडाला. थेंबभर पाणी नसलेल्या इमारतीची भिंत पूर आल्यासारखी गर्जत होती. प्लंबर दोन पावलं मागे सरला. दंतवैद्यांची तर पाचावर धारण बसली. “इमारतीखाली झरा आहे,” सेक्रेटरी पांढरे पडत म्हणाले, “आणि तो वर चढतोय.” कुणीतरी धावत जाऊन गळतीसाहेबांच्या दारावर थापा मारल्या. इतक्या जोरात, की खोका बंद करण्याऐवजी गडबडीत त्यांचा हात गोठवण्याच्या बटणावर पडला. आवाज त्याच जागी थिजला आणि भिंतीत घुमत राहिला. ते तसेच चपला अडकवून खाली पळाले.

आणि अशा रीतीने समितीच्या अध्यक्षांनी गळती पहिल्यांदा ऐकली. सिस्टरनी स्टेथोस्कोप त्यांच्या कानात घातला. गळतीसाहेबांचा चेहरा बदलला. “मोठा पाइप आहे,” ते पुटपुटले. “जोर बराच आहे. पण पाणी पुढे का जात नाही? एकाच जागी...” आणि मग त्यांना आतून एक बारीकसा सूर ऐकू आला. एक थेंब उलटा गेला. खालून वर. शहरभरच्या गळत्या त्यांनी पाहिल्या होत्या. एकही थेंब कधी वर गेलेला नव्हता. असा थेंब जगात एकाच ठिकाणी होता.

खरं सांगायचं तर त्यांना आधी लाज वाटली नाही. आधी आनंद झाला. भिंतीतून खर्ज काय सुंदर लागत होता! लाज नंतर आली, समोरच्या दोन भगदाडांकडे लक्ष गेल्यावर, आणि आली ती मात्र घामासकट.

ते वर गेले, खोका बंद केला आणि बायको आल्यावर तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग पोट धरून हसली, मग डोळे पुसत म्हणाली, “आता जाऊन सांगून टाका. आणि बाथरूम आपण नीट करून द्यायचं.”

“माझी अब्रू गं!” गळतीसाहेब म्हणाले.

“अब्रू राहू दे. त्या बाई दात घासायला तिसऱ्या मजल्यावर जातायत.”

गळतीसाहेब मनाचा हिय्या करून खाली गेले आणि सिस्टरपुढे हात जोडून सगळा प्रकार सांगितला. सिस्टरनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले.

“साहेब, किती मोठं मन तुमचं!” त्या म्हणाल्या. “खात्याला बोल लागू नये म्हणून स्वतःवर घेताय. पण माझा जन्म छात्या ऐकण्यात गेलाय. पाणी कुठलं आणि पेटी कुठली एवढं कळतं मला.”

“अहो सिस्टर, पेटी नाही ती—”

“बसा तुम्ही. चहा घ्या. किती दमलाय!”

सेक्रेटरींचंही तेच. “इतका त्याग नको साहेब,” ते म्हणाले आणि अध्यक्षांच्या निःस्वार्थ वृत्तीबद्दल एक पत्रक काढलं. प्लंबर तर दुखावलाच. वायरीच्या खोक्यात पाणी असतं हे त्याच्या धंद्याला न शोभणारं होतं. गळतीसाहेबांच्या नाकी नऊ आले. ज्या अब्रूसाठी ते घाबरले होते, ती आता जातच नव्हती. बरं, नुसता खोका वाजवायचा थांबवून प्रश्न मिटावा, तर तेही नाही. कचेरीत तक्रार उभीच होती आणि गळती सापडल्याशिवाय ती बंद होत नव्हती. नियम त्यांचाच. वर झऱ्याची बातमी पसरल्यामुळे इमारतीचा पाया उकरण्याचा बेत ठरू लागला. गळतीसाहेब मोठ्या साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

मोठ्या साहेबांनी सगळं ऐकलं. ते फारसे हसणारे गृहस्थ नव्हते. “म्हणजे गळती सापडली आहे,” ते म्हणाले.

“तशी सापडली आहे, साहेब.”

“मग पाहणी करू. तुमच्याच नियमात आहे ना? गळती साक्षीदारांसमक्ष, सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत, मधे उठून न जाता पाहायची. तक्रारदार, सेक्रेटरी, प्लंबर, आणि घरमालक म्हणून तुमच्या पत्नी. उद्याच येतो.”

पत्नी! ती एकदाच ऐकणार होती. ती एक वेळ अशी, पाहणीत, प्लंबरच्या शेजारी बसून जाणार?

“साहेब, थोडे दिवस मिळाले तर बरं होईल. अजून शेवट बसलेला नाही.”

“गळतीला शेवट कसला बसवायचा? ती थांबते,” मोठे साहेब म्हणाले आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी अडगळीच्या खोलीच्या दारापासून बैठकीपर्यंत खुर्च्या मांडल्या गेल्या. मोठे साहेब मधे, त्यांच्या एका बाजूला टोपीवाले सेक्रेटरी, दुसऱ्या बाजूला सिस्टर. प्लंबर हाताची घडी घालून दाराशी. बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर. गळतीसाहेबांनी रजई काढली, स्पीकर लोकांकडे वळवला. घाईत वायर दोनदा चुकीच्या भोकात गेली आणि खोक्याने एक लाजिरवाणा आवाज काढला. “हे आहे का ते?” मोठ्या साहेबांनी विचारलं. “नाही साहेब,” गळतीसाहेब कानापर्यंत लाल होत म्हणाले.

मग थेंब पडला. टप्प. पुन्हा पडला. हळूहळू फुटला. झिरपू लागला. सिस्टर ताठ झाल्या, उठल्या, सरळ स्पीकरपाशी जाऊन त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावून उभ्या राहिल्या. “हाच!” त्या म्हणाल्या. “हाच रोगी!” आणि पुन्हा जागेवर येऊन बसल्या. त्यांचा चेहरा फुलला होता. त्यांचे कान खोटे ठरले नव्हते. प्लंबरने हाताची घडी सोडली.

खरं तर एवढ्यावर पाहणी संपायला हरकत नव्हती. पण नियमाप्रमाणे कुणाला उठून जाता येत नव्हतं. ओहोळ झाला, लोंढा झाला. सेक्रेटरींनी नकळत टोपी काढून मांडीवर ठेवली. निळे केस उघडे पडल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. पाणी वर चढू लागलं तेव्हा प्लंबरने छताकडे पाहिलं. गळतीसाहेब हे काहीच पाहत नव्हते. ते फक्त डोळ्याच्या कोपऱ्यातून स्टुलाकडे पाहत होते. बायकोची मान डोलत नव्हती. ती पुढे वाकून, हनुवटी हातावर टेकून बसली होती, आणि गॅसवर दूध होतं की नव्हतं कुणास ठाऊक.

शेवट जवळ आला. कण विरळ करत करत, अगदी सावकाश, पुन्हा त्या एका थेंबापर्यंत यायचं होतं. नेमक्या त्याच वेळी मोठ्या साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. झालं. गळतीसाहेबांमधला नोकर जागा झाला, बोटांनी बटण एकदम फिरवलं, पाणी झटकन ओसरलं, आणि शेवटचा थेंब धप्पकन पडला.

मोठ्या साहेबांनी कागद मागितला, पेन उघडलं आणि शेरा लिहिला: ‘गळती सर्वांसमक्ष पूर्ण ऐकली. दुरुस्तीची आवश्यकता वाटत नाही.’ तक्रार बंद झाली. जाताना सिस्टरनी गळतीसाहेबांचा हात हातात घेतला. म्हणाल्या, भिंत मात्र आधी बुजवून द्या, मग काय वाजवायचं ते वाजवा. प्लंबरने जिन्यात सगळ्यांना सांगितलं, की गळती होती आणि त्याने पहिल्याच दिवशी ओळखली होती.

दार लागलं. गळतीसाहेब खोक्यापुढे मटकन बसले. त्यांना रडू येईल असं वाटत होतं. एवढे दिवस जपून ठेवलेली वेळ गेली होती, आणि त्यांनीच ती शेवटाला घालवली होती. बायको स्टुलावरून उठली नव्हती.

“शेवटी घाई केलीत,” ती म्हणाली.

गळतीसाहेबांनी मान वर केली.

“ते वर चढतं ना पाणी, ते फार छान झालंय. तिथून खाली येताना तुम्ही इतकं सावकाश आणलंत, आणि मग एकदम नळ बंद केल्यासारखं केलंत. पाणी असं थांबतं होय? आणि लोंढ्याच्या आधी एक जागा जरा पोकळ वाटते. तिथे अजून दाट हवं.”

“पोकळ?” गळतीसाहेब ताडकन उठले. “ती जागा मुद्दाम मोकळी ठेवलीय! श्वास घ्यायला!”

“श्वास एवढा मोठा नसतो.”

“तुला काय कळतंय त्यातलं! महिनाभर मी त्या एका जागेवर—”

त्यांचा आवाज चढला, अपमानाने चेहरा तांबडा झाला. खोक्यावरून त्यांचं कुणाशी भांडण व्हायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती. आजवर तेवढं ऐकलंच होतं कुणी? ते मधेच थांबले. इतका सुखी माणूस त्या दिवशी शहरात दुसरा नसेल.

“बरं, राहिलं,” बायको म्हणाली आणि स्टूल ओढून खोक्याला खेटून बसली. “लावा परत पहिल्यापासून. पोकळ कुठे आहे ते दाखवते.”